खोक्यावरचे वॅट सोडा, स्पीकर घेताना हे बघा

स्पीकर घ्यायला गेलात की खोक्यावर भलेमोठे आकडे दिसतात. ५,००० वॅट, १०,००० वॅट पीएमपीओ. आता घरातला गिझर आठवा. तो साधारण २,००० वॅटचा असतो आणि त्याला जाड पिनांचा मोठा प्लग लागतो. मग टीव्हीशेजारी साध्या प्लगवर चालणारा स्पीकर ५,००० वॅट आणणार कुठून?

पीएमपीओ हा क्षणभराच्या ताकदीचा दावा असतो आणि तो मोजायची सगळ्यांना मान्य अशी पद्धतच नाही. बघायचे ते आरएमएस वॅट, म्हणजे स्पीकर सतत पेलू शकतो ती ताकद.

पण त्यातही गंमत आहे. वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे वॅट १० पट. म्हणून सेन्सिटिव्हिटी वाचा. १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, तो हा आकडा. ९० डेसिबलच्या स्पीकरला २५ वॅट दिले की जेवढा आवाज होतो, तेवढ्यासाठी ८४ डेसिबलवाल्याला १०० वॅट लागतात. नेहमीच्या हॉलमध्ये गप्पा मारत गाणी ऐकायला तसेही दोन-चार वॅट पुरतात.

फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स '४० ते २०,००० हर्ट्झ' एवढाच लिहिला असेल तर त्याला फार अर्थ नाही. पुढे 'अधिक-उणे ३ डेसिबल' असं हवं. त्यावरून कळतं की या पट्ट्यात कुठलाच सूर फार दबत नाही की उगाच फुगत नाही.

हे महत्त्वाचं का? फ्लॉइड टूल या संशोधकाने कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना ऐकवले. बहुतेकांना असे सपाट, सरळ वाजणारेच आवडले. १९९४ मध्ये त्यांनी आणि शॉन ऑलिव्ह यांनी तेच स्पीकर आधी झाकून आणि मग दाखवून ऐकवले, तर लोकांनी दिलेले गुण बदलले. लहान, स्वस्त दिसणारा सेट डोळ्यांसमोर येताच घसरला. थोडक्यात काय, डोळे मिटून ऐका.

दुकानात आणखी एक गोष्ट होते. दोन स्पीकरपैकी जो किंचित मोठ्याने वाजतो तोच चांगला वाटतो. त्यामुळे दोन्हींचा आवाज सारखा करायला सांगा. धडधड बासवालं डेमो गाणं नको, तुमचं पाठ असलेलं लावा. गायकाचा आवाज माणसाचा वाटतो की डब्यातून आल्यासारखा? डग्ग्याचा घुमारा नेमका ऐकू येतो की नुसतं 'धम्म'? हातभर उंचीच्या बारक्या खोक्यातून खोल बास फार मोठ्याने निघत नाही, कारण त्यासाठी बरीच हवा हलवावी लागते.

उरलेला निम्मा खेळ घरात. स्पीकर कोपऱ्यात ढकलला की बास फुगतो. गुळगुळीत फरशी आणि मोकळ्या भिंती असतील तर आवाज घुमतो, तिथे जाड पडदा आणि सतरंजी बरंच काम करतात. दोन्ही स्पीकर आणि तुम्ही असा समभुज त्रिकोण करा, ट्वीटर म्हणजे वरचा छोटा भोंगा कानाच्या उंचीवर ठेवा. आणि हो, घेण्याआधी परत करायची मुदत विचारून ठेवा, कारण दुकानातली खोली तुमच्या घरी येत नाही.