भुताचे नातेवाईक

२१ एप्रिल १७९४ रोजी लंडनमधील ड्रुरी लेन नाट्यगृहाच्या नव्या इमारतीत नाटकांना आरंभ झाला तो 'मॅकबेथ'ने. साडेतीन हजारांवर प्रेक्षक मावतील एवढी ती अवाढव्य वास्तू. मॅकबेथच्या भूमिकेत जॉन फिलिप केंबल, लेडी मॅकबेथच्या भूमिकेत त्याची सुप्रसिद्ध बहीण सारा सिडन्स. मेजवानीचा प्रवेश सुरू झाला आणि बँकोचे भूत काही आलेच नाही. केंबलने ते गाळून टाकले होते. रिकाम्या आसनाकडे पाहून मॅकबेथ भयाने गोठून जातो आणि प्रेक्षकांना मात्र आसन रिकामेच दिसते, अशी ती योजना. भूत मॅकबेथच्या मनात आहे, मेजवानीला आलेल्या पाहुण्यांनादेखील ते दिसत नाही, मग प्रेक्षकांनाच का दिसावे? युक्तिवाद बिनतोड होता. पण लोकांना तो रुचला नाही. पुढे केंबललाही भूत परत आणावे लागले.

हा प्रसंग आठवायला कारण झाले ते आमच्या तालुक्याच्या गावातील एक हौशी नाट्यमंडळ. दोन प्राध्यापक, एक बँकेतील कारकून, एक एसटी कंडक्टर, गिरणीवाले, एक वायरमन आणि आठवडाभर आधी नवऱ्याची परवानगी काढून येणाऱ्या दोन-तीन स्त्रिया, असा आमचा संसार. काही वर्षांपूर्वी आम्ही गावातीलच एक भुताची गोष्ट रंगमंचावर आणायचे ठरवले, आणि पहिल्याच बैठकीत वाद पेटला तो केंबलच्याच प्रश्नावर: बाई दाखवायची की नाही? त्या वादाकडे मी परत येणार आहे. पण त्या निमित्ताने रंगभूमीवरील भुतांचा जो शोध घेतला, तो आधी सांगितला पाहिजे.

रंगमंचावर भूत आणणे ही मुळातच हास्यास्पद होण्याच्या काठावरची गोष्ट आहे. १५९६ साली टॉमस लॉज या लेखकाने लंडनच्या रंगभूमीवरील हॅम्लेटच्या बापाच्या भुताची टर उडवली आहे. सुडासाठी मुलाला हाका मारणारे ते फिकट चेहऱ्याचे भूत त्याला कालवे विकणाऱ्या बाईसारखे केकाटताना ऐकू आले. हे 'हॅम्लेट' शेक्सपिअरचे नव्हे, त्याच्या आधीचे, आज उपलब्ध नसलेले. म्हणजे शेक्सपिअरने लेखणी उचलली तेव्हा रंगभूमीवरील भूत हा चेष्टेचा विषय होऊन चुकला होता. त्याने काय केले? भुताला आधी बोलूच दिले नाही. पहारेकरी कुजबुजतात, थंडीने कुडकुडतात, ते येते, बोलत नाही, जाते. ते बोलते ते केवळ मुलाशी, आणि जे बोलते ते घरातले बोलते. या मुद्द्याकडे लक्ष असू द्यावे.

एकोणिसाव्या शतकाने मात्र यंत्राचा मार्ग धरला. १८५२ मध्ये चार्ल्स कीनने लंडनच्या प्रिन्सेस नाट्यगृहात 'द कॉर्सिकन ब्रदर्स' हे नाटक केले. द्वंद्वयुद्धात मारला गेलेला एक जुळा भाऊ दुसऱ्याला दिसतो, असा त्यातील प्रसंग. हे भूत चालत येत नसे. जमिनीतून हळूहळू वर येत येत रंगमंच ओलांडून तरंगत जाई. रंगमंचाखाली उतरणीच्या रुळांवर एक छोटी गाडी ठेवलेली असे, तिच्यावर नट उभा राही, आणि गाडी पुढे सरके तसतशा वरच्या फळ्या सरकून फट लगेच झाकली जाई. राणी व्हिक्टोरियाने हे नाटक अनेकदा पाहिले.

त्यानंतर दहा वर्षांनी, २४ डिसेंबर १८६२ रोजी, रॉयल पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी डिकन्सच्या 'द हाँटेड मॅन'मधील प्रसंग दाखवला. मूळ कल्पना हेन्री डर्क्स या अभियंत्याची. पण तिच्यासाठी नाट्यगृहच नव्याने बांधावे लागले असते, म्हणून नाटकवाल्यांनी ती नाकारली होती. पेपर यांनी ती सोपी केली. रंगमंचावर कललेली मोठी काच, समोरच्या खड्ड्यात प्रेक्षकांना न दिसणारा नट, त्याच्यावर प्रखर प्रकाश. काचेत त्याचे प्रतिबिंब उमटे आणि रंगमंचावर आरपार दिसणारे भूत उभे राही. लोक वेडे झाले. पुढे जत्रांतून हिंडणाऱ्या तंबूवाल्यांनीही ही युक्ती उचलली.

या युक्तीत एक गंमत आहे. काचेमागे उभ्या असलेल्या नटाला ते प्रतिबिंब दिसत नसे. भूत कोठे आहे हे त्याने आधी ठरवलेल्या जागेवरून ताडायचे आणि तिकडे पाहून भ्यायचे. मॅकबेथच्या मेजवानीत भूत एकालाच दिसते, बाकी कोणाला नाही. पेपर यांच्या रंगमंचावर ते सगळ्यांना दिसे. ज्याला छळायला ते आले, तेवढ्यालाच दिसत नसे! शिवाय काचेमुळे आवाजाचीही अडचण. म्हणजे भूत अत्यंत सुंदर, पण कोणाशी काही संबंध नसलेले. चार-सहा महिने लोक त्याला पाहायला लोटतात, नंतर त्यामागचे गणित समजावून घेतात आणि घरी जातात.

मराठी रंगभूमीवर भूत आले ते शेक्सपिअरचे बोट धरून. त्याआधी विष्णुदास भाव्यांच्या परंपरेतील राक्षस आरडाओरडा करीत येत, पण राक्षस म्हणजे भूत नव्हे. गोपाळ गणेश आगरकरांचे 'विकारविलसित' हे 'हॅम्लेट'चे रूपांतर १८८३ चे, आणि शाहूनगरवासी मंडळीने गणपतराव जोशी यांच्या भूमिकेने ते गाजवले. बुद्धिप्रामाण्यवादाच्या आपल्या आद्य पुरस्कर्त्याने रूपांतरासाठी भुतापासून सुरू होणारे नाटक निवडावे, यात मला विसंगती दिसत नाही. सनातन्यांनी जिवंतपणीच ज्याची प्रेतयात्रा काढली, त्या माणसाला मेलेल्यांपेक्षा जिवंतांचे भय अधिक ठाऊक असणार. असो.

आता येतो तो या शोधातील मला सर्वांत मोलाचा वाटलेला टप्पा. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील स्कार्बरो हे समुद्रकाठचे छोटे गाव. तेथील स्टीफन जोसेफ थिएटर १९८७ साली एका जुन्या शाळेच्या इमारतीत होते. प्रमुख दिग्दर्शक ॲलन एकबोर्न लंडनच्या नॅशनल थिएटरला गेलेले, कारभार रॉबिन हरफर्ड यांच्याकडे. नाताळात एक जादा नाटक करायचे होते, पण पैसे जवळजवळ संपलेले. मोजकेच नट, नेपथ्याला नाममात्र रक्कम, आणि प्रयोग बारच्या लहानशा जागेत. स्टीफन मॅलट्रॅट या नाटककाराने सुझन हिल यांची १९८३ सालची कादंबरी 'द वूमन इन ब्लॅक' निवडली. सुझन हिल यांचा जन्म त्याच गावचा. पण कादंबरीत पात्रे भरपूर, आगगाडी, टांगा, भरती-ओहोटीची दलदल, धुके, एकाकी वाडा, शिवाय एक कुत्रा. हे सगळे दोन-तीन माणसांत बसवायचे कसे?

मॅलट्रॅटने काढलेली वाट अशी. रंगमंचावर रिकामे नाट्यगृहच आहे. आर्थर किप्स नावाचा वयस्क वकील हातात बाड घेऊन येतो. तरुणपणी आपल्यावर गुदरलेले त्याला कुटुंबीयांना आणि मित्रांना सांगायचे आहे, एकदाच, आणि मग त्यातून सुटायचे आहे. सांगता येत नाही म्हणून त्याने एका तरुण नटाची शिकवणी लावली आहे. नट त्याला म्हणतो, असे पुटपुटून चालणार नाही, ऐकणाऱ्यांची दया येऊ द्या. हळूहळू नटच तरुण किप्स होतो आणि किप्स भीत भीत बाकीची सगळी पात्रे. कपड्यांचा एक मोठा वेताचा पेटारा हीच आगगाडी, हाच टांगा. कुत्रा नाहीच, नुसती त्याला घातलेली शीळ. ध्वनिमुद्रित आवाज, थोडे धुके, मागे एक झिरझिरीत पडदा, एक बंद दार. आणि ती काळ्या वस्त्रातील बाई, जी मोजक्या वेळा दिसते आणि जिचे नाव नटांच्या यादीत छापत नाहीत.

हे नाटक लंडनला गेले, १९८९ च्या जूनपासून फॉर्च्यून थिएटरमध्ये सुरू झाले आणि तेथील प्रयोग ४ मार्च २०२३ रोजी थांबले. संख्या तेरा हजारांच्या पुढे. गरिबीतून सुचलेल्या कल्पकतेची ही कथा समीक्षक नेहमी सांगतात आणि ती खरीच आहे. आमच्या सिंधुदुर्गातील वाचकांना तर त्यात नवल वाटू नये. दशावतारी नट पेटारा घेऊन गावोगावच्या जत्रेत उतरतात आणि एका लाकडी बाकड्याचे सिंहासन करतात. प्रेक्षकाला ते बाकडे म्हणून आठवतही नाही.

परंतु माझ्या मते या नाटकाचे मर्म काटकसरीत नाही. ते किप्स आणि नट यांच्यातील बेबनावात आहे. एकाला गोष्ट सांगून मोकळे व्हायचे आहे, दुसऱ्याला ती रंगवायची आहे. ती बाई तरी कोण? जिचे मूल लोकलाजेस्तव बहिणीने आपले म्हणून वाढवले आणि जिच्या डोळ्यांदेखत ते दलदलीत बुडाले, अशी आई. ती जिथे दिसते तिथे कोणाचे तरी मूल जाते. किप्सचेही गेले आहे. शेवटी नट विचारतो, ती भूमिका करणारी बाई तुम्ही छान शोधलीत. आणि किप्सला काही समजत नाही, कारण त्याने कोणालाच आणलेले नाही. नटाच्या घरी लहान मूल आहे हे आपण मघाशीच ऐकलेले असते. करमणूक म्हणून हाती घेतलेली गोष्ट सांगणाऱ्याला चिकटली.

कॉनर मॅकफर्सन या आयरिश नाटककाराने १९९७ च्या 'द वीअर'मध्ये तर भूतच ठेवले नाही. खेड्यातील दारूच्या गुत्त्यात पुरुष मंडळी, गावात नव्याने आलेल्या स्त्रीवर छाप पाडायला, भुताच्या गोष्टी सांगतात. शेवटी ती आपली गोष्ट सांगते; ती तिच्या बुडून गेलेल्या मुलीची आहे. गुत्त्यात कोणाला काय बोलावे हे सुचत नाही.

आता आमचे नाटक. कोकणात भुतांना अजून गावकी आहे. आरवलीचा वेतोबा म्हणजे वेताळ, भुतांचा राजा. तो तिथे गावाचा राखणदार, आणि लोक त्याला भल्या मोठ्या चपला वाहतात. आमच्या गोष्टीतील बाई एवढी मोठी नव्हती. गावाच्या कडेला एक पडीक विहीर आहे, तिच्या काठावर तिन्हीसांजेला एक बाई पाणी काढताना दिसते, आणि रहाट फिरतो पण कळशी वर येत नाही. लहानपणी हे सगळ्यांनी ऐकलेले. आम्ही त्याचे पाऊण तासाचे नाटक रचले. बहुमताने बाई दाखवायचे ठरले. पांढरे पातळ, तोंडाला भुकटी, मोकळे केस, वायरमनने खालून सोडलेला हिरवा दिवा, धुरासाठी धूप. मी विरोध केला तो सौंदर्यशास्त्राच्या आधारे. केंबल सांगितला, पेपर सांगितला. कंडक्टर म्हणाले, "सर, लोकांक भूत व्हया." तेही ड्रुरी लेनच्या प्रेक्षकांचेच म्हणणे.

रंगीत तालीम शाळेच्या सभागृहात झाली. मुले हसली, किंचाळली, पुन्हा हसली. नातवाला घेऊन एक आजी आल्या होत्या, तालीम संपल्यावर त्या थांबल्या. आम्हाला वाटले, कौतुक करतील. त्या म्हणाल्या, "सर, तिका नाव होतां. तां काय तुमच्या नाटकात इलां नाय."

आणि त्यांनी नाव सांगितले. ते मी इथे लिहीत नाही. लग्न होऊन वर्षही झाले नव्हते, आजींच्याच वयाची, दोघी एका विहिरीवर पाण्याला जात. कोणत्या घरची सून, हेही त्यांनी सांगितले. त्या घरचे एक गृहस्थ आमच्या मंडळाचे वर्गणीदार होते आणि पहिल्या प्रयोगाला पुढच्या रांगेत बसणार होते. आम्ही सगळे गावचेच. आणि आमच्यापैकी एकालाही, पंधरा दिवस ती गोष्ट रंगवताना, ही बाई जिवंत असताना कोण होती हे विचारावेसे वाटले नव्हते. व्यावसायिक रंगभूमीवरच्या भुताला कोणी नसते. गावच्या मंडळींनी गावापुढे उभे केलेल्या भुताला नातेवाईक असतात, आणि ते प्रेक्षागृहात बसलेले असतात. माझा सौंदर्यशास्त्रीय विरोधही, खरे सांगायचे तर, कंडक्टरांच्या हिरव्या दिव्याइतकाच पोकळ होता. दाखवावे की नाही यावर मी तासभर बोललो होतो. कोणाला, हा प्रश्न मलाही पडला नव्हता.

दिवा निघाला, भुकटी निघाली. बाईची भूमिका करणारी मुलगी रडवेली झाली, तिला आम्ही पाण्याला जाणाऱ्या मैत्रिणीची भूमिका दिली. रंगमंचावर एक कळशी आणि रहाटाचा आवाज एवढेच राहिले, आणि दोन मुली सासरच्या-माहेरच्या गोष्टी बोलतात असा एक नवा प्रवेश, जो आजींनी जवळजवळ तोंडी सांगून लिहवून घेतला. नाव घ्यावे की नाही यावर त्यांच्याशीच बोललो. त्या विचार करून म्हणाल्या, नको, आता नको. वर्गणीदार गृहस्थ प्रयोगाला आले, शेवटपर्यंत बसले, काही न बोलता गेले. त्यांना काय समजले हे कळायला मार्ग नाही. मुले या वेळी हसली नाहीत, पण बरीचशी कंटाळली, हेही नोंदवले पाहिजे.

तालुक्याच्या एकांकिका स्पर्धेत नाटक पाठवावे का, यावर मंडळाच्या दोन बैठका झाल्या. पाठवू नये असे ठरले, कारण तिथे ती नुसती भुताची गोष्ट झाली असती. गिरणीवाल्यांना तो निर्णय पटला नाही आणि मलाही पुरता पटलेला नाही. कळशी आजींच्या घरची होती. प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शाळेत येऊन ती घेऊन गेल्या.