हव्हानाची तार आणि गॅल्व्हस्टनचा प्रलय

निसर्गाच्या कोपापुढें मनुष्याचें कांहीं चालत नाहीं, असें आपण सहज म्हणून जातों. अस्मानी आणि सुलतानी हीं दोन संकटें निरनिराळीं मानण्याची आपली जुनी वहिवाटच आहे. परंतु इतिहासाचीं पानें चाळूं लागलें म्हणजे पहिल्याच्या पोटांत दुसरें किती वेळां दडलेलें असतें, हें पाहून मन थक्क होतें. या विधानाच्या पुष्ट्यर्थ आम्ही आज अमेरिकेंतील एका शहराची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

कॅरिबियन समुद्र व मेक्सिकोचें आखात या टापूंत जूनपासून नोव्हेंबरपर्यंत तुफानांचा हंगाम असतो. क्यूबाची राजधानी हव्हाना येथील बेलेन या जेसुइट विद्यालयाच्या वेधशाळेंत फादर बेनितो विन्येस यांनीं १८७० सालापासून या तुफानांचा चिकाटीनें अभ्यास केला. पिंजलेल्या कापसासारखे अतिउंच ढग कोणत्या दिशेनें पसरतात, यावरून दूरच्या तुफानाचें स्थान ओळखण्याची विद्या त्यांनीं सिद्ध केली. आणि ११ सप्टेंबर १८७५ रोजीं येऊं घातलेल्या तुफानाची सूचना वृत्तपत्रांतून प्रसिद्ध केली. १८९३ सालीं ते निवर्तले. पुढें त्यांचें काम फादर गांगोइते चालवूं लागले.

१८९८ सालीं अमेरिकेनें स्पेनला युद्धांत जिंकलें आणि क्यूबावर अमेरिकन लष्कराचा अंमल सुरू झाला. त्याबरोबर वॉशिंग्टनच्या हवामान खात्याचीं ठाणींही बेटावर आलीं. खात्याचा मुख्य विलिस मूर हा मोठा अधिकारप्रिय गृहस्थ होता. तुफानाचा इशारा देणें झाल्यास तो वॉशिंग्टनच्या कचेरीनेंच द्यावा, असा त्याचा दंडक असे. क्यूबाचे वेधशाळावाले उगीच बाऊ करून लोकांस घाबरवितात, असें त्याच्या हाताखालच्या माणसांचें मत होतें. शेवटीं ऑगस्ट १९०० च्या अखेरीस, ऐन हंगामांत, त्यानें युद्धखात्याकडून क्यूबन वेधशाळांचे हवामानविषयक संदेश सरकारी तारांवरून जाणें बंद करविलें. तीस वर्षांच्या अनुभवाचें तोंड दोन वर्षांच्या अधिकारानें बांधलें!

सप्टेंबरच्या आरंभीं एक तुफान क्यूबावरून गेलें. तें आतां फ्लॉरिडावरून वळून अटलांटिकच्या कांठाकांठानें उत्तरेस जाईल, असें वॉशिंग्टनचें गणित. इकडे गांगोइते यांनीं चंद्राभोवतींचें मोठें खळें आणि पहाटेच्या आभाळाचा तांबडा रंग पाहून निराळाच निष्कर्ष काढला: तुफान आखातांत शिरत आहे आणि तेथें त्याचा जोर वाढत आहे. निष्कर्ष अचूक होता. तो पलीकडच्या किनाऱ्यास कळविण्याची वाट मात्र बंद होती.

त्या किनाऱ्यावर टेक्सास प्रांतांत गॅल्व्हस्टन हें सुमारें सदतीस हजार वस्तीचें श्रीमंत बंदर एका वाळूच्या बेटावर वसलेलें होतें. शहराची सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून जेमतेम नऊ फूट. धक्का बांधावा, अशी सूचना पूर्वीं निघाली होती. परंतु तेथील हवामान अधिकारी आयझॅक क्लाइन यानें १८९१ सालीं वृत्तपत्रांत लेख लिहून असली भीति निराधार ठरविली होती. ८ सप्टेंबर १९०० च्या रात्रीं पंधरा फुटांहून उंच पाणी शहरावर चढलें. निदान सहा हजार, बहुतेकांच्या मतें आठ हजार माणसें बुडालीं. क्लाइनची पत्नीही त्यांत गेली.

वारा थांबला आणि सुलतानीचा दुसरा अंक सुरू झाला. प्रेतें उचलण्यास कृष्णवर्णीय पुरुषांस बंदुकीच्या धाकानें जुंपण्यात आलें. होड्यांतून समुद्रांत सोडलेलीं प्रेतें लाटांनीं परत आणून टाकलीं, तेव्हां जागोजाग चिता पेटवाव्या लागल्या. याच कृष्णवर्णीयांनीं प्रेतांचे दागिने लुटल्याच्या अतिरंजित कंड्या देशभर छापून आल्या. पुनर्रचनेच्या निमित्तानें निवडलेलें नगरमंडळ बाजूस सारून १९०१ सालीं बड्या व्यापाऱ्यांच्या पुढाकारानें कमिशनचा कारभार आला. त्याबरोबर गरीब वस्त्यांचा आवाजही गेला. एवढें मात्र न्यायानें म्हटलें पाहिजे कीं, या कारभारानें काम केलें. १९०४ पर्यंत सतरा फूट उंचीचा तट उभा राहिला, हजारों इमारती उचलून खालीं वाळूचा भराव घातला गेला, आणि १९१५ सालच्या तशाच भयंकर तुफानांत शहर तगलें.

हा दोष एका अमेरिकेचाच, असें समजूं नये. चक्राकार वादळांस 'सायक्लोन' हें नांव ज्यानें १८४८ सालीं दिलें, तो हेन्री पिडिंग्टन कलकत्त्यासच राहात असे. मातला नदीवर नवें बंदर बांधूं नये, तें वादळाच्या लाटेनें वाहून जाईल, असें त्यानें १८५३ सालीं लॉर्ड डलहौसीस लिहून कळविलें. तरीही बंदर बांधलें, त्यास कॅनिंगचें नांव दिलें, आणि १८६७ सालच्या वादळानें तें उध्वस्त झालें.

क्यूबानें पुढें, १९६३ सालच्या फ्लोरा तुफानांत हजाराहून अधिक माणसें दगावल्यानंतर, नागरी संरक्षणाची व्यवस्था उभारली. इशारा मिळतांच लाखों लोकांस हलविण्याची तिची तयारी जगांत वाखाणली जाते. मग तेथील राजवटीविषयीं कोणाचें कांहींही मत असो. उलट, १८९८ च्या त्याच युद्धानें अमेरिकेच्या हातीं आलेल्या पोर्टो रिकोवर २० सप्टेंबर २०१७ रोजीं मारिया तुफान कोसळलें, तेव्हां सरकारी दफ्तरांत मृतांचा आंकडा कित्येक महिने चौसष्टच राहिला. ऑगस्ट २०१८ मध्यें एका विद्यापीठाच्या तपासणीनंतर तो २,९७५ मान्य करावा लागला. बाकीचीं माणसें वीज, औषध आणि दवाखाना यांवांचून मागाहून मेलीं होतीं. तेथील रहिवासी अमेरिकेचे नागरिक आहेत. पण बेटावर राहून अध्यक्ष निवडण्याचा अधिकार त्यांना नाहीं.

तेव्हां तुफान येणें हें अस्मानी खरेंच. परंतु त्याची वर्दी कोणाच्या तोंडून ऐकावयाची, तट कोणासाठीं बांधावयाचा आणि मेलेल्यांत कोणाला मोजावयाचें, हे तिन्ही निर्णय माणसें कचेरींत बसून करतात. त्यांचा जाब वाऱ्यास विचारून भागणार नाहीं. तो कचेरीच्या दारांतच विचारला पाहिजे, आणि तोही पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वीं.