गट्टूची कुळकथा

एका हातात रंगाचा डबा, दुसऱ्यात ओघळता ब्रश, कपाळावर झुलपं आणि चेहरा असा, की स्वारी आत्ताच कुणाची तरी भिंत बिघडवून आली असावी. तालुक्याच्या गावी हार्डवेअरच्या दुकानावर हा पोरगा वर्षानुवर्षं दिसायचा. एशियन पेंट्सचा गट्टू.

त्याचं मूळ मुंबईच्या गिरगावातलं. 1942 साली गायवाडीतल्या एका गॅरेजमध्ये चार मित्रांनी रंगाचा धंदा मांडला. बाजार परदेशी कंपन्यांच्या ताब्यात होता आणि शहरातले बडे विक्रेते नवख्यांना उभं करत नव्हते. तेव्हा या मंडळींनी खेड्यांची वाट धरली. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवायची, तर रंग लागणार कितीसा? डबे मात्र मोठेच मिळायचे. कंपनीने लहान डबे काढले आणि गावोगाव गिऱ्हाईक जोडलं.

असल्या गिऱ्हाइकाला कंपनीचं नाव वाचता आलं नाही तरी चेहरा ओळखता यायला हवा. तो चेहरा 1954 साली व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांनी दिला. त्यांच्या व्यंगचित्रांतला ‘कॉमन मॅन’ तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा होता. पोराच्या नावासाठी कंपनीने स्पर्धा लावली, 500 रुपयांचं इनाम ठेवलं. हजारो नावं आली. त्यातून दोघा मुंबईकरांनी सुचवलेलं ‘गट्टू’ पक्कं झालं.

मला लक्ष्मण यांची खरी करामत दिसते ती त्या ओघळणाऱ्या ब्रशात. रंग विकणाऱ्या कंपनीसाठी त्यांनी रंग सांडणारा पोरगा काढला! नीटनेटका, हसतमुख रंगारी काढला असता तर तो महिनाभरात विसरला गेला असता. कॉमन मॅन सगळं नुसतं बघत राहतो. त्याच हाताचा हा पोरगा उद्योग करून मोकळा होतो.

1967 पर्यंत कंपनी देशात पहिल्या क्रमांकावर गेली. त्याचं सगळं श्रेय गट्टूला देणं भाबडेपणाचं ठरेल. लहान डबे आणि गावोगावचे विक्रेते यांचा वाटा मोठा. पण दुकानाच्या पाटीवर उभा होता तो हाच.

पुढे रंगाच्या जाहिराती रंगाऱ्याला सोडून घरमालकाशी बोलू लागल्या. सजलेल्या दिवाणखान्यात या वांड पोराला जागा उरली नाही. 2002 साली कंपनीने त्याला निरोप दिला. धंद्याच्या हिशेबाने ते बरोबर असेलही, पण तसा चेहरा नंतर एकाही रंगाच्या डब्याला लाभला नाही.

तुमच्या गावच्या एखाद्या जुन्या दुकानावर गट्टूची पत्र्याची पाटी अजून असेल, तर ती भंगारात जाऊ देऊ नका. लक्ष्मण यांचं ते चित्र आहे.