इंजिन ऑइलची निवड (शहापूर–मुरबाड परिसर)

इंजिनातील घासणाऱ्या भागांमध्ये पातळ थर धरून झीज रोखणारे, उष्णता वाहून नेणारे आणि काजळी सामावून घेणारे वंगण म्हणजे इंजिन ऑइल. दाटपणा आणि दर्जा या दोन्ही बाबी वाहनाच्या पुस्तिकेशी जुळल्या, तरच निवड योग्य ठरते. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांत घाट, भातशेती आणि पावसाळा यांचा भार इंजिनावर पडत असल्याने या निवडीला विशेष महत्त्व आहे.

दाटपणा : ‘२०डब्ल्यू-४०’मधील पहिला आकडा थंड इंजिन सुरू होतानाचे वर्तन दाखवतो, तर दुसरा तापलेल्या ऑइलचा दाटपणा. ४० क्रमांकाच्या ऑइलचा दाटपणा १००° से. तापमानाला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक असतो. या भागात गोठवणारी थंडी नसते, म्हणून अनेक जुनी इंजिने २०डब्ल्यू-४०वर नीट चालतात. मात्र ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३०साठी बनवलेल्या मोटारीत जाड ऑइल घातल्यास ते सुरुवातीला वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते आणि इंधनही जास्त लागते.

दर्जा : एपीआय या अमेरिकी संस्थेच्या वर्गीकरणात पेट्रोल इंजिनांसाठी ‘एस’ आणि डिझेलसाठी ‘सी’ श्रेणी असते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ उत्सर्जन मानकांच्या अनेक डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो तुंबू नये म्हणून कमी राखेचे ऑइल लागते. बहुतेक मोटारसायकलींच्या क्लचप्लेटा इंजिन ऑइलमध्येच बुडालेल्या असतात. त्यांना जपानी ‘जासो’ मानकातील ‘एमए’ किंवा ‘एमए२’ दर्जाचे ऑइल हवे. मोटारीच्या ऑइलने क्लच घसरू शकतो.

स्थानिक वापर : कसारा किंवा माळशेज घाट चढताना भरलेली गाडी खालच्या गिअरमध्ये, कमी वेगाने चालते. इंजिनावर ताण असतो, वारा मात्र कमी मिळतो. त्यामुळे ऑइल अधिक तापते आणि लवकर निकामी होते. अशा गाड्यांसाठी पुस्तिकेतील कठीण वापराची, म्हणजे कमी किलोमीटरची मुदत पाळावी. चिखलणी व मळणी करणाऱ्या ट्रॅक्टरचे ऑइल कामाच्या तासांवर बदलावे. गाडी पुराच्या पाण्यात अडकल्यावर डिपस्टिकवर दुधाळ ऑइल दिसले, तर इंजिन मुळीच सुरू करू नये.

विमानांचे ऑइल : प्रत्येक इंजिनाला त्याच्यासाठीचेच ऑइल का हवे, हे विमानांच्या उदाहरणावरून कळते. पिस्टन इंजिनाच्या विमानांत साधारणपणे राखरहित ऑइल वापरतात. मोटारीच्या ऑइलमधील धातुयुक्त घटकांची राख सिलिंडरमध्ये साचून तापते आणि ठिणगीपूर्वीच इंधन पेटू शकते. विमानाच्या ऑइलमधील १०० हा क्रमांक मोटारीच्या ५० क्रमांकाशी जुळतो. जेट इंजिनांना एस्टरवर आधारित कृत्रिम ऑइल लागते. त्यामुळे विमानाचे व मोटारीचे ऑइल परस्परांऐवजी वापरता येत नाही.

वापरलेले ऑइल : घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले ऑइल हा घातक कचरा आहे. मुंबईला पाणी देणारी भातसा व तानसा धरणे शहापूर तालुक्यात आहेत, तर बारवी धरणाच्या पाणलोटाचा मोठा भाग मुरबाड तालुक्यात येतो. म्हणून काळे ऑइल ओढ्यात वा शेतात ओतू नये, वाळवीसाठी लाकडालाही फासू नये. त्यात धातूंचे कण आणि कर्करोगकारक संयुगे असतात. ते बंद डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे जाईल अशी व्यवस्था करणे गॅरेज आणि वाहनमालक या दोघांचेही कर्तव्य आहे.