एक इंजिन की दोन?

मंडळी, नवी मुंबईचा विमानतळ २०२५ साली सुरू झाला आणि आमच्या खांदा कॉलनीत चहाबरोबर विमानांच्या गप्पा आल्या. परवा नात फोनवर म्हणाली, "आजोबा, मी विमान उडवायला शिकतेय, एका इंजिनाचं." माझ्या पोटात गोळाच आला. दोन असती तर?

मग इतिहास आठवला. १९३२ साली जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, ते एका इंजिनाच्या पस मॉथमधून. ९ डिसेंबर २०१७ ला गिरगाव चौपाटीवर चाचणीसाठी आलेलं कोडियाक हे सागरी विमान एका टर्बोप्रॉप इंजिनाचं. २०२० साली साबरमती ते केवडिया सेवा मात्र दोन इंजिनांच्या ट्विन ऑटरने सुरू झाली. गंमत म्हणजे दोन्ही विमानांची इंजिनं पीटी-६ या एकाच कुळातली!

आता मास्तरी हिशोब. इंजिनं दोन, म्हणजे त्यांतलं एखादं बिघडण्याची शक्यताही जवळपास दुप्पट. उड्डाण होताहोताच एक बंद पडलं तर विमान एका बाजूला ओढलं जातं, वैमानिकाचा हात तयार लागतो. पण तो सावरला, तर दुसरं इंजिन घरी आणतं. एकच असेल तर तरंगत खाली उतरायचं. खाली पाणी असेल तर सागरी विमानाला जागाच जागा. सह्याद्रीवर, रात्री? तिथे दुसरं हवंच असं मला वाटतं.

न राहवून नातीला विचारलं, "बंद पडलं तर गं?"

"आजोबा, उतरायची जागा आधीच हेरून ठेवायची. तेच तर शिकवतात."

असो. त्या रात्री झोप लागली.