‘टेलस्टार’ची कहाणी

लग्नाच्या वरातीत बँडवाल्यांनी ‘नागीन’ची धून धरली, की आजही एखादा तरुण तोंडात रुमाल धरून डोलत पुढे येतोच. एकदा वर्गात मी सहज बोलून गेलो, की 1954 सालच्या त्या चित्रपटातली बीन ही खरी बीन नव्हतीच. मुलांना ते पटेना. पण ते खरे आहे. हेमंतकुमार यांच्या संगीतात तो आवाज क्लॅव्हियोलिनचा होता आणि वाजवणारे होते पुढे कल्याणजी-आनंदजी या जोडीने गाजलेले कल्याणजी. एका वेळी एकच सूर काढणारे हे विजेवरचे छोटेसे वाद्य.

याच वाद्याने आठ वर्षांनी लंडनमध्ये दुसरा चमत्कार केला. त्याची कहाणी मात्र आनंदाची नाही.

10 जुलै 1962 रोजी अमेरिकेतून ‘टेलस्टार’ हा उपग्रह अवकाशात गेला आणि अटलांटिक महासागराच्या एका काठावरची हलती चित्रे दुसऱ्या काठावरच्या घरांत दिसू लागली. ते पाहून लंडनच्या जो मीकला एक सुरावट सुचली. मीक जन्मला 1929 साली, न्यूएंट या छोट्या गावात. हवाई दलात त्याने रडारचे काम केले होते. त्याला ना वाद्य वाजवता येत होते, ना स्वरलिपी लिहिता येत होती. हॉलोवे रोडवर चामड्याच्या वस्तूंच्या दुकानावरच्या भाड्याच्या जागेत त्याने आपला स्टुडिओ थाटला होता. जिना, न्हाणीघर, जिथे आवाज चांगला घुमेल तिथे तो ध्वनिमुद्रण करी.

सुचलेली सुरावट त्याने तोंडानेच गाऊन फितीवर उतरवली. त्या वेड्यावाकड्या गाण्यातून डेव्ह ॲडम्स या सहकाऱ्याने सूर शोधून काढले. टॉर्नेडोज या वाद्यवृंदाने साथ वाजवली आणि क्लॅव्हियोलिनवर जेफ गॉडर्डने मुख्य धून धरली. उपग्रहाच्या उड्डाणाचा भास देणारे आवाज मीकने आपल्या यंत्रांतून काढून जोडले. ऑगस्टमध्ये तबकडी बाजारात आली. ऑक्टोबरमध्ये ती ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचली आणि तिथे पाच आठवडे टिकली. डिसेंबरमध्ये अमेरिकेतही पहिली आली. तोवर कोणत्याही ब्रिटिश वाद्यवृंदाला हा मान मिळाला नव्हता. बीटल्स तिथे पोहोचले त्यानंतर, 1964 मध्ये.

इथवर कहाणी एखाद्या अफसान्यासारखी वाटते. पण फ्रान्सचे संगीतकार झाँ लद्रू यांनी दावा लावला, की ही सुरावट 1960 सालच्या ‘ऑस्टर्लिट्झ’ या चित्रपटातील त्यांच्या संगीतावरून उचलली आहे. मुकदमा सुरू झाला आणि मीकच्या मानधनाची रक्कम अडकून पडली. दुनियाभर धून वाजत होती, पण तिचा पैसा तिच्या कर्त्यापर्यंत पोहोचत नव्हता. काळ बदलला, कर्ज वाढले, मनाचा तोलही ढळत गेला. 3 फेब्रुवारी 1967 रोजी त्याच जागेत त्याने आपल्या घरमालकिणीचा जीव घेतला आणि स्वतःचाही.

फैसला झाला तो त्याच्या मृत्यूनंतर, आणि त्याच्याच बाजूने. धून मीकची होती, हे मान्य झाले.

आमच्या उर्दूत ‘देर आयद, दुरुस्त आयद’ असे म्हणतात. उशिरा आले, पण ठीक आले. मुलांना ही म्हण शिकवताना मी आता थोडा अडखळतो. इन्साफ उशिरा आला हे खरे, पण इथे ‘दुरुस्त’ काय झाले? हक्काचा पैसा हयातीत मिळाला असता तर मीक वाचला असता, असे ठामपणे म्हणता येणार नाही. मनाचा आजार पैशाने बरा होतोच असे नाही. आणि मुकदम्याचा जाच खरा असला, तरी त्याचे माप त्या बाईच्या पदरात टाकण्याचा हक्क मीकला नव्हता. तिचा त्या मुकदम्याशी संबंधच नव्हता. तिला तर कोणताच फैसला परत आणणार नव्हता.

‘टेलस्टार’ उपग्रह 1963 च्या फेब्रुवारीतच कायमचा मुका झाला. तो अजूनही पृथ्वीभोवती फिरतो आहे, पण बोलत नाही. त्याच्या नावाची धून मात्र आजही वाजते. वर्गात मी ती मुलांना ऐकवली तेव्हा एक मुलगी लगेच म्हणाली, “सर, ही तर आपलीच बीन!”