लिंटची कुळकथा

प्रोग्राम न चालवता, नुसता वाचून त्यातली खोट दाखवणाऱ्या साधनाला लिंटर म्हणतात. या कुळाचा मूळपुरुष ‘लिंट’ अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये स्टीफन जॉन्सन यांनी लिहिला. त्याविषयीचा त्यांचा निबंध १९७८ चा. त्या सुमारास जॉन्सन आणि डेनिस रिची युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम पीडीपी-११ वरून इंटरडेटा ८/३२ या यंत्रावर नेत होते. सी भाषेचा कंपायलर झटपट काम उरकायचा, पण दुसऱ्या यंत्रावर अडखळेल असा कोडही खपवून घ्यायचा. ती बारीक तपासणी जॉन्सननी लिंटकडे सोपवली.

मात्र उठसूट शंका काढणाऱ्याचे कोणी ऐकत नाही. म्हणून लिंटला गप्प करण्याची सोयही त्यांनी ठेवली. फंक्शनला मिळालेले एखादे मूल्य मुद्दामच वापरले नसेल, तर ‘आर्ग्सयूज्ड’ अशी टीप लिहायची. मग त्याविषयीची तक्रार थांबे.

याच कुळातली रस्ट भाषेची ‘क्लिपी’ २०१४ मध्ये मनीष गोरेगावकर यांनी आयआयटी मुंबईत शिकत असताना सुरू केली. आज तिच्यात ७०० हून अधिक नियम आहेत. त्यांतला ‘यूसलेस व्हेक’ हीप या स्मृतिभागातल्या जागेची विनाकारण उधळपट्टी पकडतो. स्टॅक या दुसऱ्या स्मृतिभागात जागा घ्यायला एक पॉइंटर सरकवला की भागते. हीपवर ॲलोकेटरला जागा शोधावी लागते आणि नंतर ती परत करावी लागते. तीन आकडे फक्त एकदा वाचायचे असतील, तर त्यांच्यासाठी व्हेक, म्हणजे हीपवरची वाढू शकणारी यादी, कशाला? स्टॅकवर मावणारा, ठरावीक लांबीचा साधा ॲरे पुरतो.

या नियमाची चाचणी मोठी शिकवणारी आहे. नमुना फाइलीत चुकीचा कोड असतो. शेजारच्या फाइलीत अपेक्षित इशारे अक्षरशः लिहिलेले असतात, आणि तिसरीत सुचवलेली दुरुस्ती केलेला कोड. पण नमुन्यात निर्दोष कोडही लागतो: पुढे वाढणारा व्हेक, व्हेकच मागणाऱ्या फंक्शनला दिलेला व्हेक, स्टॅकला न पेलणारा मोठा साठा. तिथे इशारा आला, तर चाचणी नापास.

चाचणीचा हा दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. खोटा इशारा पाळणाऱ्याचा कोड बिघडतो. न पाळणारा पुढे खरा इशाराही वाचत नाही. म्हणून खोटा इशारा दुरुस्त करताना तेच उदाहरण चाचणीत कायमचे घालावे. क्लिपीत तसे करतात, आणि नवा लिंटर लिहिणाऱ्याने ही रीत पहिल्या नियमापासून पाळावी.